अश्विनी कोण?

‘अश्विनी? असली कोण न्हाई बा आमच्या गावात,’ गिरणीवाल्यानं पट्ट्यावरची नजर न काढताच सांगितलं.

‘बागलांच्याकडं दिलीय. बाळंतपणाला माहेरी आलीय,’ मी ओरडून म्हणाले. गिरणीच्या आवाजात ओरडल्याशिवाय काही पोचत नव्हतं, आणि मला तर हे सगळं कुजबुजत विचारायचं होतं.

‘बागलांच्यात? मग खिलाऱ्यांच्या पोरी त्या. वड्याच्या पल्याडची वस्ती. पर त्यात अश्विनी कोण न्हाई बघा. शालन हाय आन छाया हाय.’ मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. ‘दवाखान्यातनं आलायसा व्हय? दोघी बी बाळंत झाल्यात. एकाच रात्री. गाव हसतंय नुसतं.’

दोघी! पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली एक छोटी सिरिंज होती, तिच्यात औषधाचे जेमतेम पंधरा-वीस थेंब. एका बाळापुरते. दुपारचे चार वाजत आले होते आणि दिवेलागणीच्या आत ते थेंब त्या बाळाच्या पोटात जायला हवे होते.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी आणि सल्ला देणारी जी खोली होती, तिथं मी समुपदेशक म्हणून लागले त्याला चार दिवस झाले होते. वय चोवीस, कोल्हापुरात शिकलेली, आणि आपल्याला माणसं कळतात असा पक्का समज. माझ्या आधीच्या कदम बाई लग्न करून गेल्या होत्या. जाताना कपाटाची किल्ली आणि एक वही सोपवून गेल्या. प्रयोगशाळेतले मुलाणीभाऊ एवढाच माझा आधार. मोठा भला माणूस. त्यांना सगळं ऐकू यायचं आणि त्यांनी कधी काही ऐकलेलं नसायचं.

आज या आजाराच्या गरोदर बाईला रोजची औषधं मिळतात. तेव्हा आमच्या हातात फार थोडं होतं. कळा सुरू झाल्या की आईनं एक गोळी घ्यायची आणि जन्मल्यापासून बहात्तर तासांत बाळाला पातळ औषधाचा एक डोस पाजायचा. तेवढ्यावर बरीच बाळं वाचायची, सगळी नाहीत. आईला सातव्या महिन्यातच गोळी देऊन ठेवायचो, कारण पहिलटकरीण माहेरी जाणार आणि बाळ आमच्या सोयीनं थोडंच येणार! बाळाचं औषध मात्र आमच्याकडं असायचं.

त्या शनिवारी अकरा वाजता फोन वाजला.

‘म्याडम, तुमच्याकडचं कार्ड हाय. एकशे सदतीस नंबर,’ लांबून पुरुषाचा आवाज आला. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्याला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, पार दक्षिणेत जातात. हा त्यातलाच. ‘माझं घरातलं माणूस बाळंत झालंय. माहेरी. पंधरा दिस अगुदरच. दवाखान्यात न्यायला सुदिक टाईम मिळाला न्हाई.’

‘कधी झाली? काय झालं?’

‘बुधवारी रात्री. पोरगी हाय. तीन दिसात द्यायचं ते औषध ऱ्हायलं की, म्याडम.’

‘गोळी घेतली का तिनं?’

‘कसं इचारू? तिकडं शेजारच्यांचा फोन. माझी सासू बाजूला हुबी.’

‘नाव काय तिचं?’

तो अडखळला. बायकोचं नाव घ्यायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. ‘तुमच्या वहीत हाय की,’ म्हणाला, गावाचं नाव सांगितलं आणि फोन तुटला.

वही काढली. १३७, अश्विनी बागल, पहिलटकरीण. त्याखाली कदम बाईंनी दोनदा रेघ मारून लिहिलं होतं, ‘माहेरी काही माहीत नाही. कोणत्याही परिस्थितीत कळू देऊ नये.’

बुधवारची रात्र म्हणजे कधीची? धरून चालायचं तर संध्याकाळपासून, म्हणजे आज संध्याकाळी बहात्तर तास पुरे. मुलाणीभाऊंनी सिरिंज भरून दिली आणि म्हणाले, ‘पोलिओचे डोस द्यायला आलेय म्हणा. थेंबांना कोणी नाही म्हणत नाही.’

हा सल्ला घेऊन मी एसटीत बसले. लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या आईचंच बदललं होतं. पण कामाच्या नादात साधी गोष्ट डोक्यात आली नाही की सासरची अश्विनी माहेरी अश्विनी नसणार.

*

खिलाऱ्यांच्या वस्तीवर दारातच गजराबाई भेटल्या. दोन्ही पोरींची आई. उंच, काटक, आणि नजर अशी की खोटं बोलायच्या आधीच पकडतील.

‘पोलिओचा डोस आहे, काकू. नव्या बाळांना,’ मी म्हणाले.

‘बसा की. पर डोस आज न्हाई. उद्या पाचवी. पाचवी पुजल्याबिगर आमच्यात लेकराच्या तोंडात आईच्या दुधाबिगर काय घालत न्हाईत. सटवी येऊन कपाळावर लिहून गेली की मग काय तुमचं ते द्या. परवा या.’

‘परवा मला दुसऱ्या गावाला जायचंय.’

‘मग आमी आणतू पोरी दवाखान्यात. पळून चालल्यात व्हय?’

मी म्हटलं, निदान नावं लिहून घेते. त्याला त्यांची हरकत नव्हती.

खोलीत ओव्याचा धूर कोंडला होता. दोन बाजा, दोन बाळंतिणी, आणि दोघींच्या कुशीत कापडात गुंडाळलेली दोन बाळं. दोन्ही मुलीच. म्हणजे फोनवरच्या त्या ‘पोरगी हाय’चाही काही उपयोग नाही.

‘दोन सख्ख्या भावांना दिल्यात,’ गजराबाई कौतुकानं सांगू लागल्या. ‘एकाच मांडवात दोघी उजवल्या. एकीला एकीचा आधार. सासरी नावं बदलली, पर मला मेली ध्यानात ऱ्हात न्हाईत.’

दाराजवळच्या बाजेवरची थोरली. गोल चेहऱ्याची, डोळे चौकस. ‘माझं शालन,’ ती म्हणाली.

‘सासरचं?’

‘अश्विनी.’

मला एवढं हायसं वाटलं की हसूच आलं. सापडली! आतल्या बाजेवरची धाकटी भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिचं नाव शालननंच सांगितलं. छाया, सासरची स्वाती. तेही मी वहीत लिहिलं, उगाच, शंका नको म्हणून.

मग शालनच्या उशाशी बसले. गजराबाई दारात होत्याच. मी आवाज होईल तेवढा बारीक केला. ‘कळा सुरू झाल्यावर गोळी घेतलीस ना?’

‘कसली गोळी?’ शालन चांगली मोठ्यानं म्हणाली.

‘कसली गं गोळी?’ दारातून गजराबाई.

‘लोहाची, काकू. रक्तवाढीची,’ मी घाईनं म्हणाले आणि शालनच्या तोंडाकडं बघत बसले. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, ओळख नव्हती, काहीच नव्हतं. हिनं गोळी घेतलीच नाही की काय? की आईसमोर सोंग करतेय? सोंगच असेल तर पोरगी नाटकात शोभेल. मी डोळ्यांनी खूण केली. ती माझ्या डोळ्यांत काही गेलंय की काय असं बघू लागली.

बाहेर उन्हं कलायला लागली होती. मी पर्समधून सिरिंज काढली. वाटलं, आता लाज-भीड सोडून थेट बोलावं.

‘काकू, ऐका माझं. डोस आजच दिलेला बरा.’

‘आन एकच व्हय? दुसऱ्या लेकरानं काय घोडं मारलंय?’

आता आली का पंचाईत! मी ठोकून दिलं, ‘आज एकच शिल्लक आहे. ज्याला गरज जास्त त्याला आधी. अशक्त बाळाला.’

‘मग छायाच्या पोरीला द्याया पायजे,’ गजराबाई म्हणाल्या. ‘ती बघा किती बारकी हाय. शालनची तर चांगली गरगरीत.’

‘नाही, शालनच्याच बाळाला.’

‘आवं, आत्ताच अशक्त म्हनलासा नव्हं?’

खोटं बोलणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं म्हणतात. मला माझंच दोन मिनिटांपूर्वीचं खोटं पेलत नव्हतं. गजराबाईंची नजर सिरिंजवरून माझ्या वहीवर, वहीवरून शालनवर गेली. आणखी एक शब्द चुकला असता तर त्या वहीत काय लिहिलंय हे त्यांनी विचारलंच असतं. वाचता येत नसलं तरी ताडायला त्यांना अक्षरांची गरज नव्हती.

शालन इतका वेळ माझ्याकडं टक लावून बघत होती. एकदम म्हणाली, ‘कदम बाई कुठं हायत?’

‘त्यांचं लग्न झालं. मी त्यांच्या जागी आलेय. चार दिवस झाले.’

‘आसं व्हय.’ ती आईकडं वळली. ‘आई, म्याडम लांबनं आल्यात. च्या तरी ठेव.’

‘दूध कुठलं? म्हस पिळायची हाय अजून.’

‘मग पीळ की. येळ तर झालीया. बघ कशी वरडतीया.’

म्हैस खरोखरच ओरडत होती. गजराबाई नाइलाजानं चरवी घेऊन निघाल्या. जाता जाता बोट नाचवून मला म्हणाल्या, ‘मी येईस्तोवर काय देऊ-बिऊ नका हां.’

त्यांची पावलं गोठ्याकडं गेली तशी शालन उठली. तीन दिवसांची बाळंतीण, पण कमरेवर हात देऊन उठलीच. आपल्या बाळाला तिथंच ठेवून ती आतल्या बाजेकडं गेली, छायाच्या कुशीतलं बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

‘हिला द्या.’

‘पण अश्विनी तू ना?’

‘मीच अश्विनी. पर हिला द्या.’

‘अगं, वहीत तुझं नाव आहे! एकशे सदतीस तू.’

‘व्हय. वहीत माझं नाव हाय. बिगी बिगी द्या, आई येईल.’

माझं डोकं चालेना. हातात एकच डोस, समोर दोन बाळं, वही म्हणतेय ही आणि शालन म्हणतेय ती. शालन आजारी असेल आणि धाकट्या बहिणीच्या बारक्या पोरीची दया येऊन आपल्या लेकीचं औषध तिला देत असेल तर? ‘अशक्त बाळाला’ हे मीच तर बरळले होते. खेड्यातल्या बायका असं करतात, स्वतःच्या ताटातलं दुसरीच्या ताटात टाकतात, आणि टाकलंय काय हे त्यांना कळतही नाही. पण मग गोळीचं काय? गोळी तिला माहीतच नव्हती. की माहीत होती?

‘छाया,’ मी हाक मारली. ‘गोळी तू घेतलीस?’

भिंतीकडंच तोंड ठेवून तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली की रडण्यानं हलली, तेही मला नीट कळलं नाही.

‘म्या दिली तिला,’ शालन म्हणाली. ‘बुधवारी कडुसं पडायला, दिवं लागायच्या टायमाला, हिला कळा लागल्या तवाच. आईला म्हनलं ओव्याची गोळी हाय. आता द्या, म्याडम. तुमच्या पाया पडते.’

दिली मी. सिरिंजचं टोक त्या इवल्या ओठांत घालून हळूहळू सगळं पाजलं. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, एक थेंब बाहेर आला, तो शालननं बोटानं परत आत लोटला. मी एका दमात सांगितलं, सहा महिने अंगावरचंच दूध, वरचं काही घालू नका, दीड वर्षानं रक्त तपासायला आणा. शालननं बाळाचे ओठ पदरानं पुसले आणि त्याला जागच्या जागी नेऊन ठेवलं.

गजराबाई फेसाळ दुधाची चरवी घेऊन आल्या. ‘दिलं न्हाई नव्हं?’

‘न्हाई गं. परवा देनार हायत,’ शालन म्हणाली आणि आपल्या बाळाला पाजायला घेतलं. मी चहा प्याले. चव कशी होती म्हणाल तर आठवत नाही.

*

मुलाणीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. ‘म्हणजे औषध कुणाला गेलं?’

‘खिलाऱ्यांच्या एका नातीला.’

‘ते झालंच. बरोबर नातीला गेलं का?’

‘तेच कळत नाहीये, भाऊ.’

पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोघी नवऱ्यांकडं दक्षिणेत गेल्याचं कळलं. त्या माणसाचा फोन आला नाही. कदम बाईंचा पत्ता मिळवला, त्यांनी उलट टपाली कळवलं की अश्विनी बागल म्हणजे गोल चेहऱ्याची, चौकस, तिला नीट आठवतेय, सोबत एक मुकी जाऊ असायची. झालं! ते पत्र वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही. गोल चेहऱ्याची म्हणजे शालनच की. म्हणजे मी एका निरोगी बाळाला औषध पाजलं आणि ज्याला हवं होतं ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, नाही, शालन काही वेडी नव्हती. तिसऱ्या दिवशी परत पहिलंच. दीड वर्ष मी असा झोपाळा खेळले. नोकरी सोडायचा अर्ज दोनदा लिहिला. टाकला मात्र नाही, कारण त्या मुलींचं रक्त तपासल्याशिवाय मला कुठं जाताच येत नव्हतं.

आणि एक दिवस त्या दोघी दारात उभ्या राहिल्या. कडेवर दोन मुली, दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक, दोघींच्या डोळ्यांत बचकभर काजळ. बारकी आता बारकी राहिली नव्हती. कोणती कोणाची, मला ओळखू येईना.

‘कुणाचं रक्त काढायचं?’ मुलाणीभाऊंनी विचारलं.

‘दोघींचं काढा,’ शालन म्हणाली. ‘दोघींला बी टोचलं म्हंजी घरी कोण इचारत न्हाई.’

दोन मुलींनी मिळून दवाखाना डोक्यावर घेतला. मग चिठ्ठ्यांवर नुसते नंबर टाकून भाऊ आत गेले आणि आम्ही तिघी बाकावर बसलो. निकालाला तासभर लागणार होता. मला राहवलं नाही.

‘शालन, खरं सांग. एकशे सदतीस कोण?’

तिनं छायाकडं पाहिलं. छायानं खाली.

‘हीच,’ शालन म्हणाली. ‘तपासायला दोघी आलतू. बाटलीवर नुसता नंबर घातलावता. रिपोट सांगितल्यावर कदम बाईंनी इचारलं, नाव काय. हिच्या तोंडातनं शबूद फुटंना. हिचं नाव कागदावर नको वाटलं मला. म्हनलं, त्यो नंबर माझाच, लिवा अश्विनी. माझं रक्त चांगलं निघालंवतं.’

‘आणि त्या दिवशी मी गोळीचं विचारलं तेव्हा?’

‘तुमाला म्या कुठं ओळखत हुते? आई दारात. तुमी पोलिओ म्हंता, गोळी म्हंता, लोहाची म्हंता. मला वाटलं, कुनी तरी आमची परीक्षा घ्याया धाडलंय.’

म्हणजे त्या खोलीत गोंधळलेली मी एकटी नव्हते. पण माझा राग जाईना. दीड वर्षाची झोप होती ती.

‘अगं, पण ती वही कुणाच्या हाती लागली असती तर? सगळा बोभाटा तुझ्या नावानं झाला असता. सासरी, माहेरी. तुला कुणी पाणी दिलं नसतं.’

‘झाला असता की.’ तिनं मांडीवरच्या मुलीचं नाक पुसलं. ‘पर ते खोटं असतं, म्याडम. खोटं सोसता येतंया. हिला कुनी बोललं असतं तर ते खरं हुतं. ते हिच्यानं सोसलं नसतं. इहिरीवर जाऊन बसलीवती ही, रिपोट कळला त्या सांजंला.’

शिकताना समुपदेशनाचा एक आख्खा पेपर मी पहिल्या वर्गात काढला होता आणि त्यात हे कुठंच नव्हतं.

भाऊ बाहेर आले ते दोन्ही चिठ्ठ्या उंच धरूनच. त्यांना तसं करायला नको होतं, नियम नव्हता. ‘दोन्ही पोरी साफ,’ म्हणाले आणि चष्मा पुसायला लगेच आत गेले.

शालन रडायला लागली. एवढी धीराची बाई, पण हमसून हमसून रडली आणि तिचं बघून तिची लेकही रडायला लागली. छायाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती चिठ्ठीकडं बघत बसली होती.

आता मला पुढचं काम होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात मोठ्यांसाठी रोजच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या होत्या. छाया वाळली होती, गालफडं दिसत होती, तिला तिथं पाठवायलाच हवं होतं. पण तिथं रेशनकार्ड बघत, नाव ताडून बघत. अश्विनी बागलच्या नावाची चिठ्ठी घेऊन स्वाती बागल गेली तर दारातूनच परत येणार, आणि या वेळी बहिणीचं नाव कामाला येणार नव्हतं. मी हे सगळं जमेल तेवढं हळू आवाजात सांगितलं.

शालननं डोळे पुसले. ‘मी जाते की संगट. माझंच कार्ड दाखवू. गोळ्या मी आणून हिला देते. कुनाला काय कळतंया?’

‘तसं नाही गं चालत. दर महिन्याला तपासतात.’

‘मग म्या तपासून घेते.’

‘शाले, गप,’ छाया म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. वाटलं होतं त्याहून जाड होता. तिनं आपल्या मुलीला शालनच्या मांडीवर दिलं, पदर सारखा केला आणि टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसली.

‘लिवा, बाई. माझं नाव लिवा.’

मी पेन उघडलं. तिनं दाराकडं पाहिलं, दार सताड उघडं होतं, बाहेर व्हरांड्यात दहा-बारा बायका बसल्या होत्या. मी ते लोटायला उठले तर ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या.’ आणि नवऱ्याच्या नावासकट सगळं सांगितलं, स्वाती पोपट बागल, न अडखळता, व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात.